पिसांचे डायनासोर चिकटवलेले नाहीत

‘डायनासोरपासून पक्षी झाले, ही शतकातली सगळ्यात मोठी थाप’ अशा मथळ्याचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर या ना त्या रूपात फिरत असतो. कधी तो ‘शास्त्रज्ञाचा गौप्यस्फोट’ म्हणून येतो, कधी नुसताच ‘पुढे पाठवा’ म्हणून. मुद्दे मात्र ठरलेले. आर्किऑप्टेरिक्स, म्हणजे पिसं असलेला आणि ‘पहिला पक्षी’ म्हणून गाजलेला जीवाश्म, बनावट आहे. चीनमधले पिसांचे डायनासोर डिंकाने चिकटवलेले आहेत, आणि ते १९९९ मध्ये पकडले गेले. असे जीवाश्म फक्त चीनमध्येच कसे सापडतात? ज्यांना पूर्वज म्हणता ते पक्ष्यांनंतरचे निघाले. अर्ध्या पंखाचा उपयोग काय? आणि पक्ष्यांच्या पंखातली बोटं डायनासोरच्या बोटांशी जुळतच नाहीत.

यातलं बरंच काही अर्धं खरं आहे, म्हणून हा खटाटोप. निव्वळ खोटं असतं तर वाचून सोडून दिलं असतं.

‘आर्किऑप्टेरिक्स बनावट आहे, हॉयल यांनी सिद्ध केलंय’

फ्रेड हॉयल हे मोठे खगोलशास्त्रज्ञ. १९८५ मध्ये त्यांनी आणि त्यांचे सहकारी चंद्रा विक्रमसिंघे यांनी आरोप केला की लंडनच्या संग्रहालयातला आर्किऑप्टेरिक्स खोटा आहे: हाडं एका लहान डायनासोरची, आणि त्यांच्याभोवती चुनखडीच्या भुकटीचा लेप देऊन त्यात पिसांचे ठसे उमटवलेले. इथपर्यंत मजकूर बरोबर सांगतो. पुढच्या वर्षी काय झालं ते मात्र गाळतो.

हा जीवाश्म १८६१ मध्ये जर्मनीतल्या बव्हेरियात, सोल्नहोफेनच्या खाणींत मिळाला. तिथला चुनखडीचा दगड इतका एकजीव आणि बारीक की शिळाछपाईसाठी तो जगभर नावाजलेला होता. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ खाऱ्या पाण्याची डबकी होती, तळाशी मऊ गाळ बसत गेला. अशा दगडाची फरशी उकलली की जीवाश्माचे दोन भाग होतात, एका बाजूला शरीर आणि दुसऱ्या बाजूला त्याचा साचा. अ‍ॅलन चॅरिग हे जीवाश्मतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दोन्ही भाग सूक्ष्मदर्शकाखाली घातले. दगडात केसासारख्या बारीक भेगा होत्या. त्या पिसांच्या ठशांमधून आरपार गेलेल्या आणि समोरच्या भागावरही जिथल्या तिथे उमटलेल्या. वरून लेप दिला असता तर भेगा त्याखाली बुजल्या असत्या. दगडात खनिजांची झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी वाढते. तीही दोन्ही भागांवर एकमेकींची आरशातली प्रतिमा होती. म्हणजे फरशी उकलली त्याच्या आधीपासून ती तिथे होती. १९८६ मध्ये हे सगळं ‘सायन्स’ या संशोधनाच्या नियतकालिकात छापून आलं, शीर्षकच होतं ‘आर्किऑप्टेरिक्स बनावट नाही’.

आता मला जास्त महत्त्वाची वाटणारी गोष्ट. लंडनचा नमुना बाजूला ठेवू. बव्हेरियातच आइखश्टेटजवळ १९५१ मध्ये एक लहान सांगाडा मिळाला आणि त्याच्यावर ‘कॉम्प्सोग्नाथस’ अशी चिठ्ठी लागली. हा कॉम्प्सोग्नाथस त्याच दगडात सापडणारा, कोंबडीएवढा मांसाहारी डायनासोर. वीसेक वर्षांनी, १९७३ मध्ये लक्षात आलं की पिसांचे पुसट ठसे दिसताहेत, हा तर आर्किऑप्टेरिक्स! दुसरा एक नमुनाही असाच कॉम्प्सोग्नाथस म्हणून पडून होता, त्याची ओळख १९८८ मध्ये पटली. नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या संग्रहालयात एक तुकडा शंभराहून अधिक वर्षं उडता सरपटणारा प्राणी म्हणून ठेवलेला होता. अमेरिकी जीवाश्मतज्ज्ञ जॉन ऑस्ट्रोम तिथे वेगळ्याच कामासाठी गेले होते, तिरप्या उजेडात त्यांना पिसांच्या रेषा दिसल्या आणि १९७० मध्ये त्यांनी तो आर्किऑप्टेरिक्स असल्याचं जाहीर केलं. (२०१७ मध्ये त्याचंही नाव बदललं, तो आर्किऑप्टेरिक्सचा जवळचा पण वेगळा प्राणी ठरला.)

पिसांचा ठसा नीट उमटला नसेल तर आयुष्यभर हाडं पाहणारी माणसंसुद्धा या प्राण्याला डायनासोर समजतात. दातांचे जबडे, तीन मोकळी नखवाली बोटं, वीसहून अधिक मणक्यांची लांब शेपूट. कबुतराला कोणी चुकून सरडा म्हणून कपाटात ठेवलं असं ऐकलंय कधी? दोन गटांचं नातं नसतं तर या चिठ्ठ्या चुकल्याच नसत्या.

जाता जाता: त्याच मजकुरात दोन परिच्छेदांनंतर लिहिलेलं असतं की आर्किऑप्टेरिक्स हा ‘पूर्ण विकसित पक्षीच’ आहे. आधी बनावट, मग अस्सल पक्षी. लिहिणाऱ्याने एक काय ते ठरवावं.

‘१९९९ मध्ये चीनचा खोटेपणा उघडा पडला’

पडला, आणि प्रकरण लाजिरवाणंच होतं. चीनमधून चोरट्या मार्गाने बाहेर गेलेला एक जीवाश्म अमेरिकेत टूसॉनच्या बाजारात विकला गेला. ‘नेचर’ आणि ‘सायन्स’ या दोन्ही नियतकालिकांनी त्यावरचा निबंध नाकारला. तरी ‘नॅशनल जिओग्राफिक’ने नोव्हेंबर १९९९ च्या अंकात तो ‘आर्किओरॅप्टर’ नावाने, डायनासोर आणि पक्ष्यांमधला दुवा म्हणून मोठ्या थाटात छापला.

पण उघडा पाडला कोणी? टेक्सास विद्यापीठातल्या टिमोथी रो यांनी अंक निघण्याआधीच त्याचा सीटी स्कॅन केला होता, आणि सगळे तुकडे एकमेकांचे नाहीत हे त्यात दिसत होतं. त्याकडे काणाडोळा झाला. मग बीजिंगचे जीवाश्मतज्ज्ञ श्यू शिंग यांना चीनमध्ये दुसरी एक फरशी मिळाली. तिच्यावर हुबेहूब तीच शेपूट होती, ‘आर्किओरॅप्टर’च्या शेपटीची नेमकी दुसरी बाजू, पण ती जोडलेली होती भलत्याच धडाला. त्यांनी ताबडतोब कळवलं. २००० साली ‘नॅशनल जिओग्राफिक’ने चौकशी करवून आपल्या चुकांची कहाणी स्वतःच्याच पानांवर छापली.

म्हणजे डायनासोर-पक्षी नात्यावर काम करणाऱ्यांनीच हे पकडलं, तेही काही महिन्यांत. मजकूर ते उलटं करून ‘बघा, सगळेच सामील’ म्हणतो. शिवाय जोडलेले तुकडे स्वतः अस्सल होते. पुढचा भाग यानॉर्निस या मासे खाणाऱ्या प्राचीन पक्ष्याचा. शेपूट मायक्रोरॅप्टरची, आणि हा तर हातांबरोबर पायांनाही लांब पिसं असलेला, चार पंखांचा डायनासोर. लबाडाने घाईत दोन मोलाचे जीवाश्म तोडून एक फालतू बनवला.

खोट्या जीवाश्मांचा धंदा चीनमध्ये आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. दगडातून तुकडे निघतात, पूर्ण नमुन्याला भाव जास्त येतो, मग पूर्ण करून विकायचा मोह होतो. त्यामुळे विकत आलेल्या नमुन्याकडे आधी संशयानेच पाहावं लागतं. क्ष-किरण आणि अतिनील प्रकाशात डिंक आणि भरलेली भुकटी लपत नाहीत.

‘फक्त चीनमध्येच कसे सापडतात?’

फक्त चीनमध्ये सापडत नाहीत. मंगोलियातल्या एका व्हेलॉसिरॅप्टरच्या (हा लहान मांसाहारी डायनासोर) कोपरापुढच्या हाडावर सारख्या अंतराने सहा बारीक उंचवटे आहेत. २००७ मध्ये त्याचं वर्णन झालं. आजच्या अनेक पक्ष्यांच्या याच हाडावर असेच उंचवटे असतात आणि पंखातली मोठी पिसं तिथे घट्ट बांधलेली असतात. तिथे पिसाचा ठसा नाही आणि डिंकही नाही, हाडच साक्ष देतं. कॅनडातल्या आल्बर्टामध्ये ऑर्निथोमायमस या शहामृगासारख्या डायनासोरचे पिसांचे नमुने मिळाले. जर्मनीतही तंतूंसारखी पिसं असलेला लहान डायनासोर मिळाला.

चीनच्या लिआओनिंग प्रांताचा वाटा मोठा आहे, त्याचं कारण तिथली माती. सुमारे साडेबारा कोटी वर्षांपूर्वी तिथे तळी होती आणि ज्वालामुखींची राख पुन्हापुन्हा त्यात पडत होती. पाण्यात पडलेलं कलेवर कुजायच्या आत बारीक राखेखाली जायचं. १९९६ मध्ये जगासमोर आलेला सायनोसॉरोप्टेरिक्स हा लहान डायनासोर तिथलाच. त्याच्या पाठीवर पिसांचे साधे तंतू आहेत, आणि त्यांतल्या रंगकणांच्या आकारावरून २०१० मध्ये शेपटीवरचे तांबूस आणि पांढरे पट्टेसुद्धा ओळखता आले.

आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला एकोणिसाव्या शतकापासून डायनासोरची हाडं आणि दगड झालेली विष्ठा मिळते आहे. तिथे एकही पीस नाही. नदीकाठची, भिजणारी आणि वाळणारी ती जमीन; तिच्यात हाडंच विखरून मिळतात, तिथे पिसं कुठून टिकणार?

‘मुलगा आधी, बाप नंतर’

व्हेलॉसिरॅप्टर साडेसात कोटी वर्षांपूर्वीचा, आर्किऑप्टेरिक्स १५ कोटी वर्षांपूर्वीचा. मग पूर्वज कोण? व्हेलॉसिरॅप्टर पूर्वज आहे असं म्हटलंय कोणी! तो चुलत घराण्यातला. आपला चुलतभाऊ आपल्या आजोबांनंतर जन्मला म्हणून नातं तुटत नाही. आणि जुन्या दुव्यांचीही आता वाण नाही: चीनमधला अँकिऑर्निस सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे आर्किऑप्टेरिक्सच्याही आधीचा, आणि हातापायांना पिसं असलेला. हा आक्षेप १९९० च्या सुमारास वजनदार होता, आज नाही.

‘अर्ध्या पंखाचा उपयोग काय?’

पंख फक्त उडण्यासाठीच, असं धरलं तरच हा प्रश्न पडतो. अंगणातली कोंबडी पिलं पोटाशी घेते तेव्हा पंखांचं काय करते ते पाहा.

मंगोलियात १९२३ मध्ये अंड्यांच्या घरट्याजवळ एक डायनासोर मिळाला. अंडी दुसऱ्या कोणाची असं समजून पुढच्या वर्षी त्याचं नाव ठेवलं ओव्हिरॅप्टर, म्हणजे अंडीचोर. १९९३ मध्ये तसल्याच एका अंड्यात त्याच घराण्यातल्या पिलाचा गर्भ निघाला. त्याच सुमारास उखा तोलगोद इथे सितिपाती हा त्याचा नातलग सापडला, घरट्यावर बसलेला, पाय दुमडलेले आणि दोन्ही हात अंड्यांच्या कडेकडेने पसरलेले. बहुधा वाळूखाली गाडला गेला, पण उठला नाही. सत्तर वर्षं चोर म्हणवलेला प्राणी अंडी उबवणारा निघाला. ही बसण्याची ढब आज फक्त पक्ष्यांत दिसते. चीनमधल्या कॉडिप्टेरिक्स या डायनासोरच्या हातांना आणि शेपटीला खरी पिसं आहेत, पण दांडीच्या दोन्ही बाजूंना सारखी आणि हातही आखूड. हा उडत नव्हता. ऊब, उबवण, दिखावा, एवढी कामं उडण्याआधीची आहेत.

आणि अर्धा पंख चढायलाही कामी येतो. अमेरिकेतले केन डायल यांनी २००३ मध्ये चकोराच्या पिलांवर प्रयोग मांडले. (होय, चांदणं पिणारा म्हणून आपल्या कवितेत गेलेला तोच.) उडता न येणारी पिलं अर्धवट पंख फडफडवत चांगल्याच उभ्या चढावर पळत जातात. पंखांच्या झटक्याने पाय जमिनीवर दाबले जातात आणि पकड मिळते. डायनासोर असंच करत होते असं यावरून सिद्ध होत नाही, पण अर्धा पंख कुचकामी हे म्हणणं त्यापुरतं निकालात निघतं.

‘बोटं जुळत नाहीत, कंबरही जुळत नाही’

कंबरेचा मुद्दा झटकन संपवू. पक्षी डायनासोरांच्या ‘सरडाकंबर’ गटातून आले आणि त्यांची कंबर मात्र ‘पक्षीकंबर’, ही विसंगती वाटते. पण हे गट १८८७ मध्ये कंबरेतल्या जघनास्थी या एका हाडाच्या नुसत्या दिशेवरून पाडलेले. व्हेलॉसिरॅप्टरच्या घराण्यात ते हाड मागे वळलेलंच आहे.

बोटांचा आक्षेप मात्र खराखुरा आहे. तो अ‍ॅलन फेडुशिया यांच्यासारख्या अभ्यासकांनी मांडला आणि त्यावर वर्षानुवर्षं काथ्याकूट झाला. मांसाहारी डायनासोरांनी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गमावलं, राहिली पहिली तीन. कोंबडीच्या गर्भात मात्र पंखाची बोटं उगवतात ती दुसरी, तिसरी आणि चौथी यांच्या जागी. मग एकाचं दुसऱ्यात रूपांतर कसं?

आर्किऑप्टेरिक्सच्या हाताची पेरं मोजा: अंगठ्याला दोन, पुढच्या बोटाला तीन, त्यापुढच्याला चार. व्हेलॉसिरॅप्टरच्या घराण्यातल्या डायनॉनिकसच्या हाताची मोजा: दोन, तीन, चार. प्रौढ हात तर तंतोतंत जुळतात. जागा एका बोटाची आणि घडण दुसऱ्याची, असं गर्भावस्थेत होऊ शकतं ही कल्पना १९९९ मध्ये मांडली गेली. २०११ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी कोंबडीच्या गर्भातल्या पेशींचा माग काढला, तेव्हा ती बोटं घडणीने पहिली, दुसरी आणि तिसरीच निघाली. तपशिलांवर अजून वाद घालता येतो, पण ‘जुळतच नाहीत’ हे आता म्हणता येणार नाही.

असाच आक्षेप एकदा हंसळीच्या, म्हणजे गळ्याखालच्या, हाडांवरून आला होता. डेन्मार्कचे गेरहार्ड हाइलमान यांनी १९२६ मध्ये लिहिलं की सगळं जुळतं, पण डायनासोरांना हंसळीची हाडं नसतात, आणि गमावलेलं हाड परत येत नाही, म्हणून पक्षी त्यांच्यातून येणं शक्य नाही. चार दशकं सगळ्यांनी ते मानलं. कोंबडी सोलताना मानेखाली जे दुबेळकं हाड हाताला लागतं, ते म्हणजे एकत्र जुळलेल्या दोन हंसळ्या. आता ते टी-रेक्समध्ये मिळालंय आणि व्हेलॉसिरॅप्टरमध्येही. ओव्हिरॅप्टरमध्ये तर ते हाइलमान लिहीत होते तेव्हाच हाताशी होतं, फक्त दुसरंच हाड म्हणून नोंदलेलं.

‘आता तर शास्त्रज्ञांनीच आर्किऑप्टेरिक्सला पक्ष्यांतून काढलं’

हा मजकुराचा शेवटचा वार. २०११ मध्ये श्यू शिंग यांनी शियाओतिंगिया या नव्या जीवाश्माचं वर्णन करताना मांडलं की आर्किऑप्टेरिक्स पक्ष्यांच्या फांदीवर नसून डायनॉनिकसच्या फांदीवर असावा. नंतरच्या काही विश्लेषणांनी त्याला परत पक्ष्यांच्या फांदीवर आणलं. वाद आहे तो असा, की डायनासोरांच्या वृक्षावर अगदी लगत फुटलेल्या दोन फांद्यांपैकी तो नेमका कोणत्या फांदीवर बसतो. त्याला त्या वृक्षाबाहेर यातल्या कोणीही नेलेलं नाही.