बोटीचे साडेतीन

गॅल्व्हेस्टनहून सुटणारी पाच दिवसांची क्रूझ म्हणजे आम्हा ह्यूस्टनकरांचं माथेरान. तासाभरात गाडीने धक्का गाठायचा, बॅगा हमालाच्या ताब्यात द्यायच्या आणि मेक्सिकोच्या आखातात खात बसायचं. तिथपर्यंत कुणालाच डोकं लागत नाही. डोकं लागतं ते कोझुमेलला उतरताना. बेट मेक्सिकोचं, समुद्र कॅरिबियन, हातात जेमतेम सात तास आणि आमची माणसंही सातच.

मी, नवरा, चौदा वर्षांची लेक, नऊ वर्षांचे चिरंजीव, सांगलीहून आलेले माझे आई-बाबा आणि सासूबाई. लेकीला पाण्याखालचे मासे बघायचे होते, म्हणजे माशांसोबतचा स्वतःचा फोटो बघायचा होता. चिरंजीवांना मगर हवी होती. आईला चांदी. नवऱ्याला जिथे कुणी काही विचारणार नाही अशी एक खुर्ची. सासूबाईंना काहीच नको होतं, आणि काहीच नको असलेल्या माणसाची सोय करणं किती अवघड असतं ते ज्यांना सासू आहे त्यांना मी सांगायला नको. त्यातून कोझुमेलचा दिवस नेमका मार्गशीर्षातला गुरुवार. बाबांचा प्रश्न एकच होता. "गाडी कितीला सुटणार, तेवढं सांग."

बाबा एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. सांगली स्टँडवर शिट्टी मारून गाड्या सोडण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्तीच्या वेळी मिळालेलं एचएमटीचं घड्याळ ते अजून वापरतात आणि त्याला रोज चावी देतात. अमेरिकेत येऊन दोन महिने झाले तरी ते भारताच्या वेळेवरच होतं. "इथं सहा महिने राहायचं, त्यासाठी काटे कशाला फिरवायचे?" चिरंजीवांना त्यांनी हिशेब शिकवून ठेवला होता: अर्धा तास मिळव, रात्रीचा दिवस कर, झालं ह्यूस्टन.

मी तीन महिने आधीपासून एक्सेलची शीट करत होते. नवरा तिला पंचांग म्हणायचा. कोझुमेलला क्रूझचे तीन धक्के आहेत. आमची बोट त्यातल्या पुंता लांगोस्ताला, म्हणजे अगदी सान मिगेल गावात लागणार होती, हे मी शोधून काढलं. बोटीच्या कंपनीकडून सहल घेतली तर सहलीला उशीर झाल्यास बोट थांबते. स्वतःची स्वतः ठरवली तर बोट तुमच्याकडे बघतसुद्धा नाही. पण कंपनीच्या सहलीचे सात माणसांचे पैसे पाहून नवरा म्हणाला, "एवढ्यात मगर घरी येईल." तेव्हा मी स्वतः ठरवलं. दहाला स्नॉर्केलिंगची बोट, साडेबाराला दक्षिण टोकाच्या पुंता सुरला मगरी आणि दीपगृह, मग चांदी, मग खुर्ची. साडेतीनला सगळ्यांनी बोटीत हजर. चारला बोट सुटणार.

"साडेतीन म्हणजे तीन पंचवीस," बाबा म्हणाले.

गुरुवारी सकाळी आठला बोट लागली. सासूबाईंची पूजा व्हायची होती. बोटीवर निरांजन काय, उदबत्तीसुद्धा लावू देत नाहीत, म्हणून त्यांनी केबिनमधल्या टेबललॅम्पलाच हळदकुंकू वाहून घटाची पूजा मांडली. घट म्हणजे कॉफीचा मग. मला वाटलं यात वीस मिनिटं जातील. पण महालक्ष्मीच्या कहाणीला पंचांगात रकानाच नव्हता, आणि ती अर्धी ऐकून उठायचं नसतं.

उतरलो तेव्हा सव्वानऊ झाले होते. धक्क्याच्या टोकाला एक कुत्रा होता. गोड, लांब कानांचा, गळ्यात सरकारी पट्टा. तो ओळीने सगळ्यांच्या पिशव्या हुंगत आला आणि सासूबाईंच्या पायाशी फतकल मारून बसला.

"बघ कसा शहाणा आहे," सासूबाई म्हणाल्या. "ओळखलं त्यानं."

ओळखलं होतंच. पर्समध्ये न्याहारीच्या टेबलावरून उचललेली चार केळी आणि एक सफरचंद होतं. बोटीवरचं ताजं अन्न मेक्सिकोत न्यायचं नाही, हे आदल्या रात्री लाउडस्पीकरवर तीनदा सांगितलं होतं, आणि तेव्हा सासूबाईंनी "काय बाई किती बोलतात" म्हणून कान झाकले होते. अधिकाऱ्याने केळी काढून घेतली. उपासाचं आहे हे लेकीने शाळेतल्या स्पॅनिशमध्ये त्याला सांगून पाहिलं. तो हळहळला, पण केळी त्याने दिली नाहीत. कुत्र्याला मात्र खाऊ मिळाला. "माझ्या केळ्यांवर त्याला बक्षीस," हे सासूबाई अजून विसरलेल्या नाहीत.

स्नॉर्केलिंगच्या टपरीवर पोचलो तेव्हा माझ्या फोनमध्ये नऊ पन्नास झाले होते. दहा मिनिटं आधी! मी विजयी मुद्रेने कागद पुढे केला. काउंटरवरच्या माणसाने कागद पाहिला, आमच्याकडे पाहिलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. दहा पन्नास. आमची बोट तेव्हा भर समुद्रात होती आणि आमच्याऐवजी दुसरेच सात जण मासे बघत होते.

झालं होतं असं. समुद्रात फोनचं बिल भलतंच येतं म्हणून आम्ही सगळे फोन विमानात ठेवतात तसे मुके करून ठेवले होते. त्यामुळे फोनमध्ये टेक्सासची वेळ, तीच बोटीची वेळ. पण कोझुमेल हे किंताना रो राज्यात येतं, आणि त्या राज्याने २०१५ साली आपली घड्याळं तासभर पुढे नेली. कशासाठी? तर पर्यटकांना संध्याकाळी एक तास जास्त ऊन मिळावं म्हणून! आम्ही पर्यटक त्या उन्हातच उभे होतो.

"माझ्या घड्याळात नऊ वीस," बाबा म्हणाले.

"बाबा, ते इंडियाचं आहे!"

"मी कुठं काय म्हणतोय? नऊ वीस झालेत, एवढंच सांगतोय."

लेक रडकुंडीला आली. मी तिथल्या तिथे सगळ्यांचे फोन चालू करायला लावले, म्हणजे सगळ्यांकडे बेटाची वेळ येईल आणि पुन्हा असा घोळ व्हायला नको. साडेतीनला बोट गाठायची, तर बेटाच्या वेळेने किती होतात तोही हिशेब चटकन केला आणि पंचांगात लाल अक्षरांत लिहून टाकला. त्या हिशेबाचं पुढे येईलच.

आता वेळ हातात आणि कार्यक्रम पाण्यात. मगरी दक्षिणेला, लांब. टॅक्सीवाल्यांकडे भाड्याचा पक्का तक्ता असतो, पण साध्या टॅक्सीत चार माणसं बसतात आणि आम्ही सात. बाबांनी "तिघं मागं उभे राहू" हा पर्याय सुचवून पाहिला. शेवटी व्हॅन मिळाली. तिचा चालक म्हणाला, सान हेर्वासियो जवळ आहे, तिथे माया लोकांच्या देवीचं जुनं ठाणं आहे. सासूबाईंनी पर्स उचलली आणि कुणाला न विचारता जाऊन पुढच्या सीटवर बसल्या.

देवीचं नाव इश्चेल. चंद्राची देवी, बाळंतपणाची देवी. त्या काळी मुख्य भूमीवरच्या बायका होड्या वल्हवत समुद्र ओलांडून तिच्या दर्शनाला यायच्या. आयुष्यात एकदा तरी वारी घडायलाच हवी असा रिवाज होता. पुढे १५१९ साली एर्नान कोर्तेस या बेटावर उतरला आणि त्याने इथल्या मूर्ती फोडून मेरीची मूर्ती बसवली. "सगळीकडं तेच," बाबा म्हणाले, आणि एका दगडावर बसायला गेले, तर तो दगड चालायला लागला. इग्वाना होता. घोरपडीसारखा, हातभर लांब. तिथे ते पायापायात हिंडतात. चिरंजीवांनी एका क्षणात मगरीचा हट्ट सोडला आणि इग्वानाचा धरला.

एका पडक्या वास्तूच्या भिंतीवर लाल पंजांचे पुसट ठसे आहेत. सासूबाई त्यांच्यापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. "आपल्या वास्तुशांतीला उमटवतो तसेच की गं," असं आईला म्हणाल्या. दोघी विहिणींनी नमस्कार केला. आईने पर्समधून हळदकुंकवाची पुडी काढली तेव्हा लांबवरच्या रखवालदाराने शिट्टी फुंकली. बाबा दचकून व्हॅनच्या दिशेने चालू लागले. शिट्टी झाली की गाडी सुटते, ही त्यांची सवय.

परत गावात येऊन आम्ही मंडईत शिरलो, कारण सासूबाईंनी सकाळपासून नुसतं पाणी घेतलं होतं. आता इथे एक गंमत. बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, ज्या कंदाचा साबुदाणा होतो तो कसावा, हे सगळं अमेरिका खंडातलं. पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्याकडे आलेलं. म्हणजे आपलं उपासाचं अख्खं ताट या बाजूचं, आणि त्याच्या माहेरी येऊन आम्ही "उपासाला काही आहे का" विचारत फिरत होतो. बाकीच्यांचीही तीच गत. घेवड्याच्या उसळीत डुकराची चरबी निघाली. 'बिनमांसाचं' मागितल्यावर एका बाईने प्रेमाने कोंबडी दिली. तव्यावर टम्म फुगणाऱ्या मक्याच्या भाकऱ्या मात्र आई बघतच राहिली. मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात हे लेकीने सांगितल्यावर बाबा एकदम खुलले. "चुना? पानाला लावतात तो?" मग त्यांनी सहा खाल्ल्या.

आणि तेवढ्यात सासूबाई कोपऱ्यातल्या एका दुकानापुढे थांबल्या. काचेच्या बरणीत चौकोनी, पांढुरक्या, दाणेदार वड्या होत्या, वर शेंगदाणे लावलेले. त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"राजगिरा!"

राजगिराच होता. तोही इथलाच. इथे त्या वडीला आलेग्रिया म्हणतात. आलेग्रिया म्हणजे आनंद. लाहीचा तोच कुरकुरीतपणा, फक्त गुळाची चव जराशी वेगळी. सासूबाईंनी बरणीच मागितली. दुकानदारीण बरणी देईना, मग बरणीतल्या सगळ्या वड्या घेतल्या. मोजून पैसे दिले, एक वडी वर मागून घेतली, आणि या सगळ्यात एकमेकींचं अक्षरही न कळता दोघी मिठी मारून मोकळ्या झाल्या. पंचांगाच्या बाहेरचा हा एकच कार्यक्रम, आणि तोच तेवढा वेळेत पार पडला.

आईचं चांदीच्या दुकानात पैंजण ठरत आलं होतं. भाव तिसऱ्यांदा उतरला होता. नवऱ्याला अखेर एक खुर्ची मिळाली होती. सहज फोन पाहिला. सव्वादोन. पंचांग पाहिलं. लाल अक्षरांत लिहिलं होतं: बोटीचे साडेतीन म्हणजे बेटाचे अडीच.

"पळा!"

पळालो. आईने पैंजण तसंच काउंटरवर ठेवलं. नवऱ्याने खुर्चीकडे एकदा वळून पाहिलं. सासूबाई एका हाताने निऱ्या आणि दुसऱ्या हाताने राजगिरा सावरत होत्या. चिरंजीवांची एक चप्पल रस्त्यात राहिली, तिच्यासाठी लेक मागे गेली, लेकीसाठी नवरा मागे गेला. बाबा मात्र धक्क्यावरून हात मागे बांधून चालत होते.

"बाबा, चला ना! बोट सुटेल!"

"पावणेएक," घड्याळ बघून बाबा म्हणाले. "अर्धा तास मिळव. सव्वा झालाय."

"ते इंडियाचं आहे, बाबा!"

घामाघूम होऊन आम्ही शिडीशी पोचलो आणि सातही कार्डं एकदम पुढे केली. पहारेकरी आमच्याकडे बघतच राहिला. शिडीवर चिटपाखरू नव्हतं. "काही विसरलंत का?" त्याने विचारलं. "अजून दोन तास आहेत."

बेट एक तास पुढे. बोटीचे साडेतीन म्हणजे बेटाचे साडेचार. मी तास मिळवायच्या जागी वजा केला होता. नोकरीत मी रोज तीन देशांतल्या लोकांच्या मीटिंगा लावते, हे त्या वेळी कुणी बोलून दाखवलं नाही. नंतर मात्र रोज दाखवतात.

"सव्वा म्हणालो होतो," बाबा एवढंच म्हणाले.

परत गावात जायचं त्राण कुणातच उरलं नव्हतं. पैंजणासाठी आई तयार होती, पण तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि लिफ्टचं बटण दाबलं. ते पाहणं मला पैंजणापेक्षा महाग पडलं. ह्यूस्टनला परतल्यावर तोडे घ्यावे लागले.

चार वाजायला आले तसे आम्ही वरच्या डेकवर कठड्याशी जाऊन उभे राहिलो. खाली दोर सोडायची तयारी चालली होती. तेवढ्यात धक्क्याच्या त्या टोकाला एक जोडपं दिसलं. मोठी टोपी घातलेला माणूस, दोन्ही हातांत पिशव्या; मागे बाई, उंच टाचांच्या सँडलांत. दोघंही जीव तोडून पळत होती. डेकवरची सगळी माणसं टाळ्या पिटायला लागली, कुणी शिट्ट्या मारल्या.

बाबांनी घड्याळ पाहिलं. तीन पंचवीस. त्यांनी मान हलवली, दोन बोटं तोंडाशी नेली आणि सांगली स्टँडवरची ती खणखणीत शिट्टी घातली. खालचा पहारेकरी दचकून वर बघायला लागला.

"अगं, सँडल हातात घे!" सासूबाई कठड्यावरून वाकून ओरडत होत्या, राजगिऱ्याची वडी हलवत. "हातात घे गं, हातात!"

आणि त्या बाईने खरंच सँडल काढून हातात घेतले.