‘आवाज नंतर साफ होतो’ हे मुलांना सांगू नका

नाटक आणि गाणं शिकणाऱ्या मुलांच्या ग्रुपांवर एक संदेश फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: असतील ते पैसे कॅमेऱ्यात घाला, फोर-केमध्येच शूट करा, रेकॉर्डिंगची लेव्हल जितकी वर तितकी चांगली, आणि आवाजाची चिंता नको, तो नंतर एआयने साफ करता येतो. सिनेमात तरी काय, सगळं डबच होतं ना! एका आठवड्यात तिघांनी मला हा पाठवला. एकीने तर कॅमेऱ्यासाठी पैसे साठवायलाही सुरुवात केली होती. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी आवाज साफ करण्याचं. पंख्याची एकसारखी घरघर बऱ्यापैकी काढता येते, हे खरं आहे. पण मुलांच्या रेकॉर्डिंगमधली मुख्य अडचण घरघर नसतेच. आवाज घुमलेला असतो. फोन तोंडापासून एक फुटावर होता तो आठ फुटांवर नेला, तर थेट येणारा आवाज सुमारे 18 डेसिबलने उतरतो (अंतर दुप्पट झालं की 6, असं तीनदा). भिंतींवर आपटून येणारा आवाज मात्र जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे आठ फुटांवरचा फोन गायकापेक्षा खोलीच जास्त रेकॉर्ड करतो. त्यात ‘त’, ‘प’, ‘क’ सारखी व्यंजनं विरून जातात, आणि जे नीट नोंदलंच गेलं नाही ते सॉफ्टवेअर अंदाजानेच भरतं. अंतराचं हे गणित माइकच्याही आधीचं आहे. 1902 साली कलकत्त्यात गायिका गौहर जानचं ध्वनिमुद्रण झालं तेव्हा माइक नव्हताच, कर्ण्यात तोंड घालून गावं लागे. विजेवरचं ध्वनिमुद्रण 1925 मध्ये आलं. तोवर गाणाऱ्याला जवळ-लांब सरकवणं हाच आवाज कमी-जास्त करायचा मार्ग होता.

गाणाऱ्यांसाठी तर हा सल्ला जास्तच घातक आहे. ही साफसफाईची साधनं बहुतेक बोलण्यासाठी बनवलेली असतात. जे सतत एकसारखं वाजतंय ते गोंगाट, असं ती धरून चालतात. आता सांगा, तानपुरा काय करतो? सतत एकसारखा वाजतो! मघाशी म्हटलं त्या मुलीने अभंग गाऊन पाठवला होता. पहिल्या ओळीला तानपुरा होता, दुसरीपासून मागे हटत गेला, आणि लांब ‘आ’कार आला तिथे तिचा स्वरही मधेच खचला. तिला वाटलं आपला दम कमी पडला. दम पुरेसा होता. आवाज साफ करणाऱ्या ॲपने तिचा ठेहराव गोंगाट समजून खाल्ला होता. परदेशातून ऑनलाइन शिकणाऱ्या मुलांचंही नेमकं हेच होतं. झूमवर संगीतकारांसाठी ‘ओरिजिनल साउंड’ नावाची सोय आहे. ती चालू केल्याशिवाय गुरूंना शिष्याचा षड्ज धड ऐकू येत नाही, आणि कितीतरी जणांना ती आहे हेच माहीत नसतं.

लेव्हल वर ठेवा, हा सल्ला कॅसेटच्या काळातला आहे. तेव्हा टेपची स्वतःची सुस्स अशी खरखर असायची आणि ती झाकायला आवाज मोठा घ्यावा लागे. डिजिटलमध्ये लेव्हलच्या मीटरवरचं शून्य डेसिबल हे छत आहे. त्याच्या वर गेलेला आवाज छाटला जातो, आपण ज्याला ‘फाटला’ म्हणतो तो हाच. 16 बिटच्या रेकॉर्डिंगला सर्वांत हळू ते सर्वांत मोठ्या आवाजापर्यंत सुमारे 96 डेसिबलची रेंज मिळते, 24 बिटला कागदावर 144. इतकी मोकळी जागा असताना वरच्या टोकाला चिकटून कशाला राहायचं? सर्वांत मोठा आवाज उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील असं बघा. आणि चाचणी ‘हॅलो हॅलो माइक टेस्टिंग’ने घेऊ नका. प्रवेशात जे वाक्य बेंबीच्या देठापासून ओरडायचं आहे, तेच ओरडून बघा. तबला असेल तर द्रुतमधली शेवटची तिहाई वाजवा.

फोर-केबद्दल फार लिहायची गरज नाही. फुल एचडीच्या चौपट ठिपके म्हणजे भराभर भरणारा फोन; मी स्वतः दोन प्रयोगांत शेवटचा प्रवेश त्यापायी गमावलाय. शिवाय व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलात की तो दाबून लहान केला जातो, म्हणून पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. चित्र खरं बिघडतं ते वेगळ्याच कारणांनी. स्टेज काळोखं आणि चेहऱ्यावर स्पॉट असला की फोन काळोख उजळायला जातो आणि चेहरा पांढराफटक होतो. चेहऱ्यावर बोट दाबून धरा, एक्स्पोजर (चित्राचा उजेड) लॉक करा, मग थोडं खाली आणा. दुसरं, आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे तिच्यावर चालणारे बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. फोन सेकंदाला 30 फ्रेम आणि 1/60 सेकंदाच्या शटरवर (एक फ्रेम टिपायचा वेळ) असेल तर चित्रात पट्ट्या सरकताना दिसू शकतात. 25 फ्रेम आणि 1/50 ठेवा.

राहिलं सिनेमाच्या डबिंगचं. डबिंग म्हणजे साफसफाई नव्हे. नट स्टुडिओत उभा राहतो, पडद्यावरचे स्वतःचे ओठ बघतो आणि तोच प्रसंग आवाजाने पुन्हा करतो. तुमच्या एकांकिकेत रडू आवरत बोललेलं ते वाक्य, प्रेक्षागृहाने श्वास रोखला तो क्षण, हे पुढच्या महिन्यात एखाद्याच्या खोलीत ब्लँकेटखाली बसून कसं आणणार? ते त्या रात्रीच नीट पकडायला हवं.

आणि ते पकडता येतं, फार खर्च न करता. संदेशात कॅमेऱ्याला दिलेली जागा हेडफोन आणि साध्या कॉलर माइकला द्या. एकांकिका असेल तर चित्राचा फोन मागच्या रांगेत स्टँडवर, आणि दुसरा फोन किंवा रेकॉर्डर स्टेजच्या पुढच्या कडेला. तो थेट फळ्यांवर ठेवू नका, प्रत्येक पावलाचा धप्प येतो. खाली शालीची घडी घाला. पडदा उघडण्याआधी कुणीतरी स्टेजवर जाऊन एकदा टाळी वाजवा. नंतर जुळवताना रेकॉर्डरमधली टाळी चित्रात तळवे भिडतात त्या फ्रेमशी जुळवा, मागच्या फोनमध्ये ऐकू आलेल्या टाळीशी नको. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, 15 मीटरवर पोचेतो 44 मिलिसेकंद उलटतात, म्हणजे एका फ्रेमहून जास्त. प्रयोग संपल्यावर अजून एक टाळी घ्या, कारण दोन यंत्रांची घड्याळं तासाभरात एकमेकांपासून सरकतात.

त्या मुलीने कॅमेरा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी तिने गाद्या आणि कपड्यांचं कपाट असलेल्या खोलीत, पंखा बंद करून, पुन्हा गायलं. चित्र तिच्या फोनवर, आवाज आईच्या फोनवर: पुस्तकांच्या चळतीवर, तोंडापासून दीड फुटावर, चित्राच्या चौकटीच्या जरा बाहेर. आवाज गाळण्याची सोय तिने बंद केली होती. सुरुवातीला टाळी, मग तिचा श्वास, आणि अभंग संपल्यावरही तानपुऱ्याचा खर्ज आठ-दहा सेकंद तसाच वाजत राहिलेला ऐकू येतो.