‘कोल्हापूरची असून पावसाला भिता?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या माझ्या पहिल्या पावसाळ्यावरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलेलं वाचलं. दोन ओळींत आभार मानून गप्प बसणार होते. पण एक वाक्य दोन दिवस डोक्यातून जाईना: “कोल्हापूरची असून चार सरींना भिता, आणि वर लाइकसाठी रडगाणं गाता.” माझं म्हणणं खोडायचं तर खुशाल खोडा. पण रडगाणं? घरी आलेल्या पाहुणीला तोंडावर असं बोलला असता का?

एक चूक कबूल. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 39 फूट असं मी लिहिलं होतं. 39 ही इशारा पातळी, धोक्याची 43. लेखात दुरुस्ती केली आहे, त्याबद्दल आभार.

आता भिण्याबद्दल. तुम्ही गगनबावड्याचे, म्हणजे पाऊस तुमच्या घरचाच. माझं माहेर आंबेवाडीचं. 2019 च्या ऑगस्टमध्ये नदी 55 फुटांवर गेली तेव्हा आजीच्या औषधांची पिशवी मांडीवर घेऊन मी माळ्यावर बसले होते. खाली भाताची पोती पाण्यात फुगून त्यांची शिवण उसवत होती. म्हशी आधीच सोडल्या होत्या, त्यातली एक परत आली नाही. त्यामुळे पाऊस म्हणजे काय ते मला सांगू नका.

आणि एवढं बघूनही सांगते, तो अनुभव इथं कामाला येत नाही. आपला पूर चढत येतो. राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले, बंधाऱ्यावर किती फूट झालं, हे तासातासाला कळतं, जनावरं हलवायला निदान एक रात्र मिळते. इथं मलावीत, झोम्बा शहराजवळच्या आमच्या गावात दुपारपर्यंत कडक ऊन असतं. मग पठारावरून काळंकुट्ट येतं, विजा कडाडतात आणि तासाभरात लाल मातीच्या रस्त्याचा ओढा होतो. माणसं वाहून नेणाऱ्या सायकली असतात, त्यांना कबाझा म्हणतात, त्या जागच्या जागी थांबतात. शाळेला पत्रा आहे. सर कोसळायला लागली की पहिल्या रांगेतल्या पोरालाही माझा आवाज पोचत नाही. मी फळ्यावर लिहीत राहते, पोरं मुकाट्यानं उतरवून घेतात, आणि वीज चमकली की सगळ्यांचे खडू-पेन्सिली एकदम थांबतात. आठ-आठ दिवसांची झड मी सोसू शकते. हे अजून जमत नाही. आणि 2023 च्या मार्चमध्ये फ्रेडी वादळात इथल्याच ब्लँटायर शहराच्या डोंगरउतारावरच्या वस्त्या चिखलाखाली गेल्या. तेव्हापासून आभाळ भरून आलं की इथली मोठी माणसंसुद्धा डोंगराकडे बघतात. तीही रडगाणं गातात का?

शिवाय अंगाला सवय जूनच्या मृगाची. इथं पाऊस नोव्हेंबरात येतो आणि एप्रिलपर्यंत राहतो. दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच आजूबाजूला मक्याचं बी टोकणं सुरू होतं. आषाढात कणगी तळाला जायची, असं आजी सांगायची. इथं तो आषाढ जानेवारी-फेब्रुवारीत येतो. शेतं हिरवीगार, पण गेल्या साली पिकवलेला मका संपलेला, नवा मार्च-एप्रिलशिवाय नाही. कित्येक घरांत दोन वेळचा न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, एक वेळचा होतो आणि हिवतापही त्याच दिवसांत. ही हिरवाई बघून पहिल्या वर्षी मी आनंदानं फोटो काढले होते. त्याची लाज वाटली म्हणून तो लेख लिहिला, लाइकसाठी नाही.

लेख लांब आहे, फोटो कमी आहेत, यावर मला काही म्हणायचं नाही.

गावातल्या लोकांचं म्हणणं लेखात कुठंच नाही, हा तुमचा शेवटचा मुद्दा. त्यावर पुढं कधीतरी लिहीन. शेजारणीची चूल आणि कणगी तिला विचारल्याशिवाय मी इथं मांडणार नाही, आणि ते कसं करावं हे तुमच्याकडून शिकायची मला गरज नाही. ‘रडगाणं’ या एका शब्दाबद्दल मात्र तुम्ही काय म्हणता, ते वाचायला मी थांबले आहे.