कीपरचं नाव कुणी घालायचं?

सकाळी शाळेच्या ग्रुपवरचा मेसेज आक्कानं पुढं पाठवला. आपल्या मुलींनी पेनल्टीवर फुटबॉलची फायनल मारली. शेवटचा गोल करणाऱ्या पोरीचं नाव ठळक अक्षरात, फोटोत तिला खांद्यावर घेतलेलं. आणि दोन पेनल्टी अडवलेली गोलकीपर, माझी भाची? कोपऱ्यात, अर्धी कापलेली. नाव नाहीच. सरांना फोन केला तर म्हणे, "अहो, कीपरचं कामच आहे ते." मग गोल मारणं हे काय स्ट्रायकरचं समाजकार्य आहे काय?

डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहितोय.

१० जुलै १९९९. अमेरिकेतल्या पॅसाडिनाचं रोझ बोल स्टेडियम, ९० हजारांवर पब्लिक, अमेरिका-चीन महिला फुटबॉल वर्ल्ड कप फायनल, जादा वेळ संपला तरी ०-०, मग पेनल्टी. या मॅचचं नाव काढलं की सगळ्यांना एकच फोटो आठवतो, जर्सी काढून गुडघ्यावर बसलेली अमेरिकेची ब्रँडी चॅस्टेन. पण तिनं मारलेल्या, अमेरिकेच्या पाचव्या किकवर कप आला कशामुळं? चीनची तिसरी किक, लिऊ यिंगची, अमेरिकेची कीपर ब्रियाना स्करीनं अडवली होती म्हणून. बाकीच्या चारही चिनी पोरींनी गोल केले. ५-४ मधला तो एकाचा फरक स्करीच्या हातांचा आहे.

हो, किक बसायच्या आधी ती रेषेवरून पुढं आली होती. नियमात बसत नव्हतं, मान्य. रेफ्रीनं शिट्टी मारली नाही, विषय संपला.

आमच्या कोल्हापुरातही तेच. शाहू स्टेडियमवर कीपरनं गोल खाल्ला की अख्ख्या पेठेला त्याचं नाव पाठ. वाचवला तर म्हणणार, "समोरच्यानं अंगावरच मारला की!" परवा भाचीच्या मॅचला माझ्या मागं बसलेले दोघं हेच बोलत होते. पोरींच्या मॅचला!

आणि स्करीचं पुढं काय झालं, तेही ऐका. एप्रिल २०१०, वॉशिंग्टन फ्रीडम या क्लबकडून खेळत होती. खालचा बॉल घ्यायला वाकली आणि समोरच्या खेळाडूचा गुडघा कानशिलावर बसला. करिअर तिथंच संपलं. ना रक्त, ना प्लास्टर, त्यामुळं बघणाऱ्याला ती धडधाकटच. आत मात्र तीनेक वर्षं डोकेदुखी, नैराश्य, उपचारांसाठी विमावाल्यांशी भांडण. १९९६ आणि २००४ ची ऑलिंपिक गोल्ड मेडल गहाण टाकली बाईनं. ज्या हातांनी वर्ल्ड कप आणला, त्याच हातांनी. २०१३ मध्ये ऑपरेशन झालं, दुखणं हटलं, मेडलही परत मिळाली. २०१७ ला अमेरिकेच्या फुटबॉल हॉल ऑफ फेमसाठी निवड झाली, तिथं जाणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री.

हे लिहिताना सारखं एकच डोळ्यांपुढं येतंय. परवा पेनल्टीच्या आधी, खेळ चालू असताना, भाचीचं डोकं खांबावर आपटलं होतं. "पाणी मार, उभी राहा," बाहेरून आवाज आला. ती उभी राहिली आणि मग त्या दोन अडवल्या. तेव्हा छाती फुगली होती माझी. आता आक्काला सांगितलंय, नावाचं राहू दे, आधी पोरीला डॉक्टरकडं ने.

आणि कमेंटमध्ये कुणी २००७ चा वर्ल्ड कप काढू नका. माहीत आहे. सेमीफायनलला दुसरी कीपर होप सोलो हिला बसवून स्करीला उतरवलं आणि ब्राझीलनं चार घातले. घातले. त्यातला पहिला अमेरिकेच्याच पोरीचा स्वयंगोल होता आणि निम्मी मॅच अमेरिका दहा जणींवर खेळत होती, तेवढं मोजून मग बोला.