‘मानवाधिकारवाले फक्त अतिरेक्यांसाठीच रडतात’ : त्या मेसेजमधला एकेक मुद्दा

कुठे स्फोट झाला, कुणाला फाशी झाली की एक मेसेज हमखास फिरतो. त्यातले मुद्दे ठरलेले असतात. अ‍ॅम्नेस्टी आणि ह्यूमन राइट्स वॉचसारख्या आंतरराष्ट्रीय मानवाधिकार संस्था अतिरेक्यांची बाजू घेतात, हिंदू मारले गेले तर गप्प बसतात. पाश्चात्त्य सरकारांच्या पैशावर जगतात, म्हणून अमेरिकेला हात लावत नाहीत. एसीत बसून अहवाल लिहितात आणि ते अहवाल धूळ खातात.

आधी हिंदूंचा मुद्दा घेऊ. २५ ऑगस्ट २०१७ रोजी म्यानमारच्या राखाइन प्रांतात ‘आरसा’ या रोहिंग्या सशस्त्र गटाने खा माउंग सेइक भागातल्या एका हिंदू वस्तीतल्या लोकांना गोळा केलं, डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या, गावाबाहेर नेलं आणि ५३ जणांना ठार मारलं. धर्म बदलायला तयार झालेल्या आठ स्त्रिया आणि त्यांची मुलं तेवढी वाचली. त्याच दिवशी ये बाउक क्यार या शेजारच्या गावातले ४६ हिंदू नाहीसे झाले. हे सगळं पुराव्यानिशी जगापुढे मांडलं अ‍ॅम्नेस्टीने, मे २०१८ मध्ये. वाचलेल्या स्त्रियांच्या जबान्या घेतल्या, मृतदेहांचे फोटो न्यायवैद्यक तज्ज्ञांना दाखवले आणि मारेकऱ्यांचं नाव घेतलं. म्यानमारच्या लष्कराने रोहिंग्यांवर केलेल्या अत्याचारांचे अहवालही याच संस्थेने त्याच काळात काढले होते. श्रीलंकेतली तमिळ बंडखोर संघटना एलटीटीई लहान मुलांना उचलून सैनिक बनवते, यावर ह्यूमन राइट्स वॉचने २००४ मध्ये सविस्तर अहवाल काढला. आणि कुलभूषण जाधव यांना एप्रिल २०१७ मध्ये पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने फाशी सुनावली, तेव्हा ही न्यायालयं आंतरराष्ट्रीय निकष पायदळी तुडवतात, असं अ‍ॅम्नेस्टीने जाहीरपणे म्हटलं.

तरीही बहुतेक अहवाल सरकारांवरच असतात, हे खरं आहे. त्याचं कारण साधं आहे. मानवाधिकारांच्या करारांवर सह्या सरकारांनी केलेल्या असतात. पोलीस, तुरुंग आणि फाशीचा दोर त्यांच्याच हातात असतो. अतिरेक्याने खून केला तर सरकार गुन्हा नोंदवतं. कोठडीत माणूस मेला तर तक्रार ज्यांच्याविरुद्ध, तपासही बहुधा त्यांच्याच खात्याकडे. तिथे बाहेरचा डोळा लागतो.

पैशाचं थोडक्यात. ह्यूमन राइट्स वॉच कुठल्याच सरकारचा पैसा घेत नाही. अ‍ॅम्नेस्टी संशोधन आणि मोहिमांसाठी घेत नाही. तिचा मोठा भार सभासदांच्या आणि सामान्य लोकांच्या देणग्यांवर आहे. खासगी देणगीदार मात्र तपासायलाच हवेत. ह्यूमन राइट्स वॉचने एका सौदी उद्योगपतीकडून ४ लाख ७० हजार डॉलर घेतले होते. अट अशी, की ते मध्यपूर्वेतल्या समलिंगींच्या हक्कांच्या कामावर खर्च करायचे नाहीत. ती चूकच होती. संस्थेने ती २०२० मध्ये कबूल करून पैसे परत केले. आणि अमेरिकेला हात लावत नाहीत म्हणावं, तर अतिरेकी संशयितांना डांबलेल्या अमेरिकेच्या ग्वांतानामो तुरुंगाची तुलना स्टालिनच्या गुलागशी, म्हणजे सोव्हिएत श्रमछावण्यांशी, अ‍ॅम्नेस्टीच्याच सरचिटणीसांनी २००५ मध्ये केली होती.

‘एसीत बसून लिहितात’ या मुद्द्यापाशी मात्र थांबायला हवं, कारण अहवाल कसा तयार होतो हे फारसं कुणी सांगत नाही. साक्षीदार एकटा असतानाच त्याच्याशी बोलायचं. सरपंच, सैनिक किंवा नवरा शेजारी बसला की जबानी बदलते. ‘सैनिकांनी मारलं ना?’ असं विचारायचं नाही, ‘काय झालं?’ एवढंच विचारायचं. पैसे द्यायचे नाहीत. एकमेकांशी बोलणं न झालेल्या साक्षीदारांच्या जबान्या जुळतात का, ते बघायचं. व्हिडिओ आला तर मागची टेकडी, मिनार, सावलीची दिशा यावरून जागा आणि वेळ पक्की करायची, कारण दुसऱ्याच देशातली जुनी क्लिप नव्या नावाने हमखास येते. छापण्याआधी ज्याच्यावर आरोप आहे त्याला निष्कर्ष पाठवून उत्तर मागायचं. जाताच येत नसेल तर उपग्रह. बोको हराम या अतिरेकी संघटनेने जानेवारी २०१५ मध्ये नायजेरियातलं बागा आणि शेजारचं डोरोन बागा जाळलं, तेव्हा अ‍ॅम्नेस्टीने २ आणि ७ जानेवारीची छायाचित्रं शेजारी शेजारी ठेवून मोजणी केली : ३,७०० हून अधिक बांधकामं जळालेली किंवा मोडलेली.

ही शिस्त सुटली की काय होतं, तेही याच संस्थेच्या इतिहासात आहे. इराकी सैनिकांनी कुवेतच्या रुग्णालयांत इनक्युबेटरमधून बाळं काढून मरायला टाकली, ही गोष्ट अ‍ॅम्नेस्टीने डिसेंबर १९९० मध्ये ३१२ बाळांच्या आकड्यासकट छापली. आखाती युद्धाच्या बाजूने ती भरपूर वापरली गेली. युद्ध संपल्यावर कुवेतमध्ये जाऊन पाहिलं तर पुरावाच नव्हता, आणि संस्थेला ते मागे घ्यावं लागलं. म्हणून कुठलाही अहवाल हातात आला की आधी त्यातलं कार्यपद्धतीचं प्रकरण वाचावं : किती जणांशी बोलले, कुठे, कुणासमोर, कुठल्या भाषेत, दुभाषा कोण होता.

राहिली धूळ. मे २००१ मध्ये ह्यूमन राइट्स वॉचचे लोक आफ्रिकेतल्या चाड देशाच्या राजधानीत, एन्जामेनात, माजी हुकूमशहा हिसेन हाब्रेच्या राजकीय पोलिसांच्या ओसाड मुख्यालयात शिरले. जमिनीवर हजारो कागद पसरलेले होते : कैद्यांच्या याद्या, चौकशीचे जबाब, मृत्यूचे दाखले. ते एकेक करून लावले, नावं संगणकात भरली. कोठडीत मेलेल्या किंवा मारलेल्या १,२०८ जणांची नावं निघाली, एकूण पीडित १२,३२१. त्यातून खटला उभा राहायला बारा वर्षं गेली. हाब्रे ज्या देशात आश्रयाला होता त्या सेनेगलने त्याला २०१३ मध्ये अटक केली आणि ३० मे २०१६ रोजी तिथल्या राजधानीतल्या, डाकारमधल्या, विशेष न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. एप्रिल २०१७ मध्ये अपिलातही ती कायम राहिली आणि ७,३९६ पीडितांना भरपाई मंजूर झाली. ती प्रत्यक्ष हातात पडावी म्हणून त्यांच्या संघटना पुढेही वर्षानुवर्षं भांडत राहिल्या.