"जॉइनिंग डेट लावा आणि मोकळे व्हा" म्हणणाऱ्यांसाठी

विमान कंपन्यांच्या विलीनीकरणावरचा एक फॉरवर्ड सध्या फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: दोन कंपन्या एक झाल्या की नोकरीला लागल्याची तारीख एक्सेलमध्ये टाकायची, दुपारपर्यंत ज्येष्ठता यादी (नोकरीत कोण वर, कोण खाली) तयार, विकत घेणाऱ्या कंपनीची माणसं वर राहणारच, पगार कुणाचाच कमी होत नाही, बाकी सगळी युनियनवाल्यांची नाटकं. एरवी वाचून सोडून दिला असता. पण माझ्या भावाने तो स्वतःच्या मुलीला पाठवला, खाली "बघ, उगाच टेन्शन घेतेस" असं लिहून. पोरगी को-पायलट आहे, तिची कंपनी दुसरीत विलीन होतेय आणि या यादीपायी तिची झोप उडालीये.

पहिल्या दोन मुद्द्यांचं आपसातच जमत नाही, हे लिहिणाऱ्याच्या लक्षात आलेलं नाही. तारीख लावायची की घेणारा वर बसवायचा, एक काय ते ठरवा की!

तारखेचंच बघू. २००५ साली अमेरिकेत अमेरिका वेस्ट आणि यूएस एअरवेज एक झाल्या. यूएस एअरवेज जुनी, वैमानिकही जुने. पण कंपनी दोनदा दिवाळखोरीत गेलेली आणि सतराशेच्या आसपास वैमानिक फर्लोवर, म्हणजे बिनपगारी घरी. अमेरिका वेस्टने उड्डाणंच १९८३ मध्ये सुरू केलेली, तिथली मंडळी तरुण. निव्वळ तारीख लावली असती तर घरी बसलेला माणूस चालू नोकरीतल्याच्या वर गेला असता, आणि पुढच्या कपातीत अमेरिका वेस्टचा पोरगा बाहेर पडला असता. लवाद जॉर्ज निकोलाऊ यांनी मे २००७ मध्ये वेगळाच हिशेब मांडला: विलीनीकरणात कोण काय घेऊन आलं? लांब पल्ल्याची मोठी विमानं यूएस एअरवेजकडेच होती, म्हणून तिचे ५१७ वैमानिक सगळ्यात वर. मधले प्रमाणानुसार एकमेकांत मिसळले. फर्लोवरचे तळाला. म्हणजे पंधरा-सोळा वर्षांपूर्वी लागलेला माणूस काही महिन्यांपूर्वी आलेल्याच्या खाली. जिव्हारी लागणारच. पण दुपारपर्यंत एक्सेलमध्ये हे कोणता कारकून करणार होता?

अर्धं खरं आहे ते मान्य करतो. अमेरिकेतल्या केबिन क्रूच्या मोठ्या युनियनचं, एएफएचं, धोरण तारखेचंच आहे. तिथे ते बऱ्यापैकी चालतं, कारण कॅप्टनच्या सीटचा प्रश्नच नसतो.

"घेणारा वर" हा मुद्दा मात्र नुसता चूक नाही, निर्दयी आहे. २००१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए घेतली आणि टीडब्ल्यूएच्या सगळ्या हवाई सेविका यादीच्या शेवटी टाकल्या, तीस-तीस वर्षं नोकरी झालेल्याही. अकरा सप्टेंबरनंतर कपात सुरू झाली ती शेवटाकडूनच. २००३ च्या उन्हाळ्यापर्यंत त्या सगळ्या घरी. याच प्रकरणावरून डिसेंबर २००७ मध्ये तिथे मॅकास्किल-बाँड कायदा आला: याद्या न्याय्य पद्धतीने जुळवा, नाहीतर लवादाकडे जा.

पगाराचं म्हणाल तर वैमानिकाचा पगार विमान कोणतं आणि सीट कोणती, कॅप्टनची की को-पायलटची, यावर बराचसा ठरतो, आणि ते दोन्ही यादीतल्या नंबरवर मिळतं. बेस मुंबई की दुसरं शहर, दिवाळीत घरी की स्टँडबाय, हेही त्याच नंबरवर. कपात झाली तर पहिला कोण, तेही.

हे अमेरिकेतलेच चोचले वाटत असतील तर एअर इंडिया आठवा. २००७ मध्ये इंडियन एअरलाइन्सबरोबर विलीनीकरण झालं, आणि पाच वर्षांनीही दोन्हीकडच्या वैमानिकांच्या बढतीचा घोळ सुटलेला नव्हता. दोन्हीकडची माणसं कशी जुळवायची हे सांगणारा न्या. धर्माधिकारी समितीचा अहवाल जानेवारी २०१२ मध्ये आला. तरी त्याच मे महिन्यात, ड्रीमलायनर या नव्या बोइंग विमानाचं प्रशिक्षण इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांना का, यावरून मूळ एअर इंडियाच्या वैमानिकांचा संप झाला. ५८ दिवस चालला.

राहिली युनियनची नाटकं. होतात, नाकारत नाही. निकोलाऊंचा निवाडा पटला नाही म्हणून यूएस एअरवेजच्या वैमानिकांनी २००८ मध्ये जुनी युनियनच बदलली आणि ती यादी कधी लागू होऊच दिली नाही. पण यादी नाही म्हणून कंपनीशी एकत्र करार नाही, आणि करार नाही म्हणून हीच मंडळी २०१३ पर्यंत दिवाळखोरीच्या काळातल्या कापलेल्या पगारावर विमानं उडवत राहिली.