पोस्टग्रेस नेमकं कोणत्या कंपनीचं?

मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत्यांना किंवा पतसंस्थांना सॉफ्टवेअर देणाऱ्या आम्हा सांगलीकरांना हा प्रश्न हमखास ऐकावा लागतो. पोस्टग्रेस म्हणजे माहिती साठवणारं डेटाबेस सॉफ्टवेअर; फुकट आणि ओपन सोर्स, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला. कुठल्याच एका कंपनीचं नाही म्हटलं की समोरच्याला ते बेभरवशाचं वाटतं. मला मात्र सगळा भरवसा तिथेच दिसतो.

२०२० साली एंटरप्राइझडीबीनं सेकंडक्वाड्रंट विकत घेतली. दोन्ही पोस्टग्रेसवर जगणाऱ्या कंपन्या. त्या सौद्यामुळे पोस्टग्रेस प्रकल्पाचा कारभार पाहणाऱ्या पाच जणांच्या कोअर टीममधले तिघं एकाच मालकाकडे आले. निम्म्याहून जास्त माणसं एका कंपनीची नकोत, असा तिथे अलिखित दंडक होता. अलिखित! तरीही तो पाळला गेला. मायक्रोसॉफ्ट आणि क्रंची डेटामधला एकेक जण आत घेतला आणि पाचातले तीन सातातले तीन झाले. बाजारात एकमेकांची गिऱ्हाइकं ओढणाऱ्या कंपन्यांचे इंजिनीअर इथे एकमेकांचा कोड तपासतात, कारण कुणी एकटा मालक होणार नाही याची प्रत्येकाला खात्री असते.

रेडिस या दुसऱ्या डेटाबेसचं उलट झालं. लायसन्स ठरवणं एका कंपनीच्या हातात होतं. मार्च २०२४ मध्ये तिनं बीएसडी हे कुणालाही वापरायची, बदलायची, विकायची मुभा देणारं मोकळं लायसन्स सोडलं. इंटरनेटवरून भाड्यानं सॉफ्टवेअर चालवून देणारे क्लाउडवाले आमच्या कष्टावर कमावतात, ही तिची तक्रार खोटी नव्हती. पण काही दिवसांतच ॲमेझॉन, गुगल, ओरॅकल एकत्र आले आणि लिनक्स फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे व्हॅल्की, म्हणजे रेडिसच्या जुन्या मोकळ्या कोडवरून काढलेली वेगळी शाखा, उभं राहिलं. २०२५ मध्ये रेडिसनं एजीपीएल या ओपन सोर्स लायसन्सचा पर्याय दिला, तोवर जुने काही सहकारी तिकडे रुळले होते.

सहकार आपल्याला कुणी शिकवायला नको. संस्थेत वर्षानुवर्षं एकाच घराचं पॅनेल बसलं की सभासद नावापुरता उरतो, हे आपल्या जिल्ह्यात गावोगाव माहीत आहे. म्हणून सॉफ्टवेअर निवडताना फीचर्सच्या आधी विचारा: ट्रेडमार्क कुणाकडे, लायसन्स कोण बदलू शकतं, बदल मंजूर करणाऱ्यांना पगार कोण देतं?

आणि आपण? वालचंद कॉलेजात लिनक्स या ओपन सोर्स प्रणालीच्या वापरकर्त्यांचा ग्रुप आहे, पोरं हौसेनं शिकतात. नोकरीला लागली की आमचीच ऑफिसं त्यांना म्हणतात, ते ओपन सोर्सचं काम घरी जाऊन करा. हे मला अजिबात पटत नाही. वर्षानुवर्षं फुकट वापरतो, तर कामाच्या वेळातले दोन तास द्यायला काय हरकत आहे? पोस्टग्रेसची नवी मोठी आवृत्ती दरवर्षी येते, त्याआधी उन्हाळ्यात बीटा, म्हणजे चाचणीची आवृत्ती, निघतो. खातेदारांची खरी माहिती न वापरता, नमुन्याच्या डेटावर तो चालवायचा. मराठी नावांचा क्रम नीट लागतो का बघायचं, अडलं तर रीतसर बग कळवायचा. मिरजेतल्या पाच माणसांच्या ऑफिसलाही हे जमेल.